आधी सोनं, मग चहा, मग पॅनल

"आधी सोनं काढा. सगळ्यांनी!"

आमच्या बर्फाच्या कारखान्याच्या दारात उभं राहून एका बाईंनी हे फर्मान सोडलं, तेव्हा मी ऑफिसात फोनवर कुणाशी तरी तावातावानं भांडत होतो. फोन तसाच टाकून बाहेर आलो. बघतो तर पन्नाशी ओलांडलेल्या एक धिप्पाड बाई, अंगात इस्त्रीचा पांढराशुभ्र सलवार-कमीज, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल आणि हातात स्टीलचा डबा. त्यांच्यापुढं आमचे चेअरमन जनार्दनशेठ गळ्यातली जाड साखळी मुठीत घट्ट धरून उभे होते.

बाईंनी आधी स्वतःच्या बांगड्या काढल्या. मग अंगठी, मग घड्याळ. सगळं डब्यात टाकलं आणि डबा शेठच्या पुढं धरला.

"बाई, ही साखली लग्नापासून उतरवलेली न्हाय," शेठ म्हणाले. "आमी कोळी मान्सं. सोनं काय असं कुनाच्या डब्यात टाकतात व्हय?"

"मग तुमी बाहेर बसा."

"अवो, कारखाना माझा हाय!"

"कारखाना तुमचाच हाय. पण विजेचं पॅनल उघडं असेपर्यंत ही खोली माझी. तुमी वाकून बघणार, साखळी लोंबणार, तारेला लागणार. मग साखळी पण गेली आणि शेठ पण. तुमच्या घरी जाऊन मी काय सांगू?"

शेठ फणफणत बाहेर गेले आणि मासळीच्या पालथ्या क्रेटवर बसले. पण आत काय चाललंय ते बघितल्याशिवाय त्यांना कुठलं राहवतंय! थोड्याच वेळात तोंड वाकडं करत त्यांनी साखळी उतरवली, बोटांतल्या अंगठ्या ओढून काढल्या आणि डब्यात टाकल्या. आमचा ऑपरेटर हिरामण, त्याचं कडं गेलं. माझी अंगठी गेली. भरलेला डबा गेटवरच्या चहावाल्या पार्वतीबाईंच्या मांडीवर जाऊन बसला. त्या बिचाऱ्या चहा उकळायचा सोडून तो दोन्ही हातांनी धरून बसल्या.

अशी आमची आणि हमीदाआपांची पहिली भेट.

आपा मूळच्या मुरुडच्या. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेल्या आणि तो केल्याचं दर दहा वाक्यांत एकदा ऐकवणाऱ्या. नवरा आखातात नोकरीला होता. बाकीच्या बायका तिकडं जाऊन घर सांभाळतात, ह्या तिथल्या पॅनल बनवणाऱ्या वर्कशॉपात लागल्या. नवरा गेल्यावर परत आल्या आणि किनाऱ्यावर कामं घ्यायला लागल्या. रेवसपासून मुरुडपर्यंत जिथं म्हणून मोठी मोटर आहे, बर्फाचा कारखाना असो, तेलाचा घाणा असो, कोळंबीच्या तलावाचे पंप असोत, तिथं आपांची स्कूटर पोचलेली. नम्रपणा त्यांच्या गावीही नव्हता. "अख्ख्या किनाऱ्यावर माझ्या पॅनलनं कुणाला चटका दिलेला न्हाय. विचारा कुणालापण!" हे वाक्य त्या भेटेल त्याला ऐकवायच्या. मला आधी ती फुशारकी वाटायची. फुशारकी होतीच म्हणा, पण त्या वाक्यात त्यांचा सगळा जीव अडकलेला होता. ते एकदा जरी खोटं पडलं असतं, तरी त्या बाईंनी पुन्हा पेचकस हातात धरला नसता.

आमचं काम होतं कॉम्प्रेसरच्या मोटरला ड्राइव्ह बसवायचं. कागदावर त्याला इन्व्हर्टर म्हणतात, पण घरात दिवे गेल्यावर लागतो तो बॅटरीवाला नव्हे. एवढ्या मोठ्या मोटरला एकदम वीज दिली की ती दचकून उठते, पट्टे किंचाळतात, आजूबाजूचे दिवे मंद होतात. ड्राइव्ह तिला हळूहळू उठवतो आणि हवा तेवढाच वेग देतो. दिसायला भिंतीवरचा एक खोका, पण नखरे नव्या जावयाचे. आमच्याकडं आधी दोन ड्राइव्ह जळून गेले होते आणि नारळीपौर्णिमा तोंडावर आली होती. पौर्णिमेला होड्या समुद्रात जाणार, त्यांना बर्फ लागणार. बर्फ आमच्याकडं नसला तर त्या पलीकडच्या बंदरावर जाणार आणि मग वर्षभर तिकडंच जाणार.

आपांनी जुनी जागा बघितली. आधीच्या माणसानं ड्राइव्ह एका लाकडी फळीवर, कॉम्प्रेसरच्या अगदी शेजारी ठोकला होता. आपांनी खिशातून पांढरा हातरुमाल काढला, फळीवरून फिरवला आणि आमच्या नाकासमोर धरला. रुमाल काळा आणि दमट.

"ही फळी कुणाच्या सरणातली उरली होती?" त्यांनी विचारलं.

आपांनी फळीवर बोटानं टकटक केलं.

"लाकूड पेट घेतं. शेजारी अमोनियाची मशीन, अमोनिया तांबं खातो. खिडकीतून खाडीचं खारं वारं. बिचारा जळला न्हाय, त्यानं जीव दिला."

एवढं बोलून त्यांनी नव्या ड्राइव्हचा खोका उघडायलासुद्धा नकार दिला. आधी वेगळी खोली पाहिजे. जाळी ठेवायची एक खोली होती, ती रिकामी करून घेतली. भिंत कोरडी करून घेतली. लोखंडी पॅनल आणवलं, त्याला हवा आत घ्यायला खाली जाळी आणि बाहेर टाकायला वर पंखा. इकडं मी रोज कॅलेंडर बघून घामाघूम होतोय, शेठ माझ्यावर डाफरतायत आणि आपा त्या रिकाम्या खोलीच्या भिंतीवरून शांतपणे रुमाल फिरवतायत! माझ्या तोंडात आलेल्या शिव्या मी कशा गिळल्या ते मलाच ठाऊक. शेवटी एके दिवशी रुमाल पांढराच्या पांढरा निघाला, तेव्हा कुठं खोका उघडला.

मग मात्र बाईंचं काम बघत राहावं. सगळी भोकं पाडून, पत्र्याचा कीस झाडून घेतल्याशिवाय ड्राइव्ह जवळ आणायचा नाही, कारण तो कीस आत पडला की संपलं. ड्राइव्ह बसवायचा तो सरळ उभा. "माणूस आडवा झाला की झोपतो, हा आडवा झाला की जळतो." वर वीतभर मोकळं, खाली वीतभर मोकळं, टेप जवळ असतानाही त्या स्वतःची वीत टेकवून बघायच्या, आणि त्यांची वीत चांगली दणदणीत होती. वीज येणाऱ्या तारा एका बाजूला, मोटरकडं जाणाऱ्या दुसऱ्या बाजूला; त्यांची अदलाबदल झाली तर नवा कोरा ड्राइव्ह चालू करताक्षणी खलास. अर्थिंगची तार तर त्या अशी ओढून बघायच्या की भिंत येते की काय असं वाटावं.

पण सगळ्यात मोठं प्रकरण होतं चहाचं.

एकदा ड्राइव्ह चालू करून बघितला आणि काहीतरी बदलायला बंद केला. हिरामण म्हणजे हाताचा चपळ आणि जिभेचाही. त्यानं मेन स्विच पाडला आणि पेचकस घेऊन पुढं झाला. आपांनी त्याचा शर्ट मागून धरला आणि त्याला मांजराच्या पिल्लासारखा बाहेर आणला. फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकले, खोलीला कुलूप लावलं आणि ओरडल्या, "पार्वतीबाय, चहा!"

"पावर बंद केली ना?" हिरामण करवादला. "मंग आता वाट कसली बगायची?"

"मेन पाडला म्हणून आतली वीज मरत न्हाय. ह्याच्या पोटात ती साठून राहते. आतला लाल दिवा बघ, अजून जळतोय. तो विझेपर्यंत हात घालायचा न्हाय. बस आणि चहा पी."

त्या चहाचेही नियम होते. उभ्यानं प्यायचा नाही. कप अर्धा टाकून उठायचं नाही. आणि बशीत ओतून तर मुळीच प्यायचा नाही, कारण बशीतला चहा लवकर संपतो! सगळ्यांचे कप रिकामे झाले की कुलूप निघायचं. लाल दिवा विझलाय हे बघायचं, तरीही मीटर लावायचा. मीटरवरही बाईंचा भरवसा नाही; आधी तो चालू सॉकेटमध्ये घालून जिवंत आहे ना ते तपासायचं आणि मगच पॅनलला लावायचा.

"ह्या बाईचं अर्दं आयुष्य चहात गेलं आसंल," हिरामण मला म्हणाला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ड्राइव्ह चालू झाला. होड्या आमच्याच धक्क्यावर लागल्या. शेठनी आपांच्या घरी भलीमोठी सुरमई पाठवली आणि ती पोचवायला मला पाठवलं. तिथं मला चहामागची गोष्ट कळली.

आपांचा धाकटा भाऊ अन्वर मुरुडला एक छोटंसं लॉज चालवतो. नारळाच्या बागेत चार खोल्या, हसरा माणूस, येणाऱ्याला गप्पांनीच गार करणारा. त्यानं मला सरबत दिलं ते डाव्या हातानं. उजव्या हाताची बोटं आखडून तळव्याला चिकटलेली होती. माझी नजर तिकडं गेली हे त्यानं बघितलं.

"हिच्याच हाताखाली होतो मी, आखातात," तो म्हणाला. "दोघं चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात बोलावणं आलं. मी मेन पाडला, कप तसाच ठेवला. ही म्हणाली, चहा तरी संपव. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम हाय, आलोच." त्यानं तो हात वर करून हलवला आणि हसला. "तेव्हापासून आपा सगळ्या दुनियेला चहा पाजते."

आपा तिथंच बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "सरबत घ्या, मॅनेजर," एवढंच म्हणाल्या आणि सुरमई घेऊन आत गेल्या. मला फार वाईट वाटलं. परत आल्यावर मी हिरामणला ही गोष्ट सांगितली. चहाच्या वेळी तो कुरकुरायचा, तसा पुढंही कुरकुरत राहिला, पण कप मात्र पूर्ण रिकामा करायला लागला.

आता दसऱ्याची गंमत सांगतो. दसऱ्याला आमच्याकडं सगळ्या मशीनची पूजा होते. त्या वर्षी नवा ड्राइव्ह म्हणजे मानाचा पाहुणा. हिरामणनं झेंडूचा असा जाडजूड हार आणला की तो बैलालाही जड झाला असता, आणि पॅनलच्या दारावर वरपासून खालपर्यंत सोडला. हळद-कुंकू, अगरबत्ती, पेढे, सगळं साग्रसंगीत. संध्याकाळी धक्क्यावर होड्या बर्फासाठी उभ्या आणि ड्राइव्ह बंद! पुन्हा चालू करावा, थोडा वेळ चालावा, पुन्हा बंद. मी आपांना फोन लावला.

"पूजा केलीत का?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"केली. अगदी व्यवस्थित केली."

"हार कुठं घातलात?"

"पॅनलला. का?"

 मग आपांचा आवाज असा फुटला की मी फोन कानापासून लांब धरला. "अरे, देवाला हार घालायचा की देवाच्या नाकपुड्या बुजवायच्या? खालची जाळी बंद, वरचा पंखा बंद, तो श्वास कुठून घेणार? काढा आधी! आणि पाकळ्या आत ओढल्या असतील, त्या मी येईपर्यंत कुणी काढायच्या न्हाईत!"

हार काढायला हिरामण तयार होईना. दसऱ्याचा हार दसऱ्यालाच उतरवायचा म्हणजे अपशकुन, वर्षभर कारखान्याला लागेल! शेठही त्याच्याच बाजूनं झाले. होड्यांवरून आरडाओरडा चाललेला. शेवटी तासाभरात आपाच स्कूटरवरून आल्या. मेन पाडला, चहा झाला, हार त्यांनीच उतरवून हिरामणच्या हातात दिला, पाकळ्या निघाल्या. मग त्यांनी पॅनलच्या बाजूच्या भिंतीत एक खुंटी ठोकली. हिरामणच्या हातातला हार घेतला, कपाळाला लावला आणि त्या खुंटीवर नीट अडकवला.

"घ्या. देव पण खूश, ड्राइव्ह पण खूश."

पुढच्या दसऱ्यापासून तो हार आपाच आणायला लागल्या, येताना चौलच्या बाजारातून, खुंटीच्या मापाचा. आणि त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर बसवलेल्या प्रत्येक पॅनलशेजारी भिंतीत एक खुंटी असते. नवखा माणूस विचारतो, ही कशाला? मग त्याला ही सगळी गोष्ट ऐकावी लागते.

अशी बरीच वर्षं गेली. तो ड्राइव्ह म्हातारा झाला, आणि खरं सांगायचं तर आपाही. कप बशीवर किणकिणायला लागला. विचारलं तर म्हणायच्या, "थंडी वाजते." मे महिन्यात! पार्वतीबाईंनी काही न बोलता त्यांना कप अर्धाच भरून द्यायला सुरुवात केली आणि दुसरा अर्धा मागून. स्कूटर सुटली, आपा रिक्षानं यायला लागल्या.

मागच्या पावसाळ्याआधी नवा ड्राइव्ह बसवायचा ठरला. आपा आल्या. डबा फिरला, शेठनी मुकाट्यानं साखळी काढली. रुमाल फिरला, पांढरा निघाला. आपांनी स्वतः ड्राइव्ह उभा केला, वीत टेकवली, मोटरकडं जाणाऱ्या तीन तारा जोडल्या. वीज येणाऱ्या तारा जोडायला घेतल्या आणि त्यांच्या बोटांतून एक स्क्रू निसटला. टिंग करून आत पडला. आम्ही सगळ्यांनी तो आवाज ऐकला.

 आपांनी जोडलेल्या तारा सोडवून ड्राइव्ह पुन्हा खाली उतरवायला लावला, उलटा करून, हलवून, तो स्क्रू काढला, हिरामणच्या तळहातावर ठेवला आणि वर पेचकस ठेवला.

"हात हलतो त्यानं पॅनलला हात लावायचा न्हाय. हा नियम कुणाचा?"

"तुमचाच, आपा," हिरामण म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

"मग घे."

दारात खुर्ची टाकून त्या बसल्या आणि तिथून हुकूम सोडायला लागल्या. "ओढून बघ. अजून ओढ. शेजाऱ्याची म्हैस समजून ओढ!" सगळं जोडून झालं. पट्टे काढून नुसती मोटर फिरवून बघायची होती. हिरामणनं चालू केली आणि मोटर उलटी फिरली.

आता पहिल्या वेळी मोटर उलटी फिरणं ही काही चूक नव्हे. कुणाचीही फिरते, दोन तारांची जागा बदलली की झालं, हे आम्हाला आपांनीच शिकवलेलं. पण त्या तारांचा क्रम आपांनीच खुर्चीवरून सांगितला होता, आणि त्या दिवशी त्यांना ते जिव्हारी लागलं. हिरामणनं मेन पाडला, फ्यूज काढून खिशात टाकले. त्यानं कुलपाकडं हात नेला, तोवर आपा खुर्चीवरून उठून आत शिरल्या होत्या. त्याच्या दुसऱ्या हातातला पेचकस त्यांनी काढून घेतला.

"सेटिंगमधून उलटं करू का, आपा?" तो म्हणाला.

"न्हाय. उद्या कुणी सेटिंग पुसलं तर पुन्हा उलटी. तारच बदलायची. सरक, मीच करते. दोन तारा तर हायत. दोन मिनिटांचं काम."

 अन्वरचे शब्द, तसेच्या तसे. आपांना कळलंही नव्हतं आपण काय बोललो ते.

हिरामण पॅनलसमोर जाऊन उभा राहिला. आडवा, दोन्ही हात पसरून.

"चहा झाला न्हाय, आपा."

"हिरामण, बाजूला हो."

"न्हाय व्हनार. मना नोकरीवरून काडा. त्यो दिवा बगा."

आपांनी त्याच्या खांद्यावरून बघितलं. आत लाल दिवा लख्ख जळत होता.   शेठनी तोंड फिरवलं. मग आपांनी पेचकस हिरामणच्या खिशात खोचला, मागं फिरल्या आणि खुर्चीवर बसल्या. हिरामणनं खोलीला कुलूप लावलं आणि त्यांच्याच आवाजात ओरडला, "पार्वतीबाय, चहा!"

कप हातात आला. तो बशीवर किणकिणायला लागला, तसा आपांनी चहा बशीत ओतायला घेतला.

"बशीत न्हाय," हिरामण म्हणाला.

आपा हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. पार्वतीबाईंनी पदरानं त्यांचे डोळे पुसले. कप दोन्ही हातांनी धरून आपांनी तो चहा थेंबापर्यंत संपवला, मागून आलेला दुसरा अर्धाही संपवला. दिवा विझला होता. हिरामणनं मीटर तपासला, लावला, तारा बदलल्या. मोटर सुलटी फिरली.

डबा परत आला. ज्याचं त्यानं घेतलं. आपांना बांगड्या चढवता येईनात, त्या पार्वतीबाईंनी हळूहळू चढवल्या. "हार खुंटीलाच घालायचा, हां," आपांनी जाता जाता हिरामणला बजावलं. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी फोन लावला आणि मला हातानंच थांबायची खूण केली, म्हणून मला ऐकू आलं.

"अन्वर? हां, झालं काम. न्हाय, मी न्हाय केलं, हिरामणनं केलं. चांगलं केलं." मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "ऐक ना. आज मी चहा पुरा प्यायले."

पलीकडून अन्वर काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. आपांनी फोन ओढणीत धरला, मला मान हलवून निरोप दिला आणि रिक्षा मुरुडच्या रस्त्याला लागली.